सौरफलकाचा हिशेब

परप्रांती नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या बैठकीत बदल्या, बढत्या आणि मुलांच्या शाळा यांच्या जोडीला हल्ली आणखी एक विषय हटकून निघतो. तो म्हणजे कचेरीच्या किंवा निवासस्थानाच्या गच्चीवर बसविलेले सोलर पॅनेल. राजस्थानातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी आमचा मुक्काम असताना तेथील कचेरीत उद्भवलेला एक प्रसंग आम्हांस या संदर्भात नेहमी आठवतो. गच्चीवर दहा किलोवॅटचे फलक नवेच बसविले होते. फेब्रुवारीत भर दुपारी यंत्रावरचा आकडा आठाच्या पुढे जाई. मे महिन्यात ऊन असे की गच्चीवर पाय ठरू नये. पण आकडा काही केल्या साडेसहाच्या वर चढेना. ऊन वाढले आणि वीज घटली, तेव्हा माल खोटा असला पाहिजे, असा निष्कर्ष हिशेबनिसांनी काढला. ठेकेदार म्हणे, फलकांत काडीचाही दोष नाही. अखेर रीतसर फाइल उघडली गेली, पत्रव्यवहार सुरू झाला, आणि ठेकेदाराचे उरलेले देणे कित्येक महिने अडकून पडले.

दहा किलोवॅटचे फलक दहा किलोवॅट वीज कधीच का देत नाहीत, आणि फेब्रुवारीपेक्षा मे महिन्यात कमी का देतात, या दोन प्रश्नांचे उत्तर त्या फाइलीत कोणासही लिहिता आले नाही. आम्हांसही त्या वेळी आले नसते. पुढे या विषयाचे थोडेफार वाचन घडले, तेव्हा ध्यानात आले की या उत्तरापर्यंत पोहोचण्यास मनुष्यजातीला सुमारे दीडशे वर्षे लागली आहेत. सौरघटाचा इतिहास सामान्यतः शोधांचा इतिहास म्हणून सांगतात. त्याच इतिहासाकडे तुटीचा हिशेब म्हणून पाहिले, तर तो अधिक बोधप्रद होतो. सूर्य रुपयाभर प्रकाश देतो. त्यातले किती आणे हाती लागतात, उरलेले कोठे गळतात, आणि ती गळती एकामागून एक कशी उमगत गेली, एवढेच प्रस्तुत लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रारंभ १८३९ सालचा. पॅरिस येथे एद्मों बेकेरेल हा एकोणीस वर्षांचा तरुण आपल्या वडिलांच्या प्रयोगशाळेत काम करीत होता. आम्लयुक्त द्रावणात प्लॅटिनमच्या दोन पट्ट्या ठेवून त्यांवर प्रकाश पाडला असता विजेचा क्षीण प्रवाह वाहू लागतो, असे त्यास आढळले. पट्टीवर चांदीच्या क्लोराइडाचा लेप असला म्हणजे परिणाम अधिक स्पष्ट होई. प्रकाशापासून थेट वीज, मध्ये ना वाफ ना चाक, असा हा चमत्कार होता. परंतु त्याचे कारण सांगण्याजोगे भौतिकशास्त्र त्या काळी अस्तित्वातच नव्हते. त्यामुळे पुढची तीस-पस्तीस वर्षे ही गोष्ट केवळ एक कौतुक म्हणून राहिली.

नंतरचा धागा समुद्राखालच्या तारायंत्रात सापडतो. विलोबी स्मिथ हा इंग्रज विद्युत्‌तज्ज्ञ सागरी तारांची परीक्षा करण्यासाठी सेलेनियम या मूलद्रव्याच्या कांड्या वापरीत असे. त्या कांड्या रोज निराळेच माप दाखवीत. शोध घेता असे दिसून आले की पेटीचे झाकण उघडे असले, म्हणजे कांडीवर प्रकाश पडून तिच्यातून वीज अधिक सुलभपणे वाहते. हे त्याने १८७३ मध्ये प्रसिद्ध केले. तीन वर्षांनी, १८७६ मध्ये, लंडनच्या किंग्ज कॉलेजातील विल्यम ग्रिल्स ॲडम्स आणि त्यांचे शिष्य रिचर्ड डे यांनी सेलेनियमवर नुसता प्रकाश टाकून त्यातून वीज उत्पन्न होते हे दाखविले. मग १८८३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या चार्ल्स फ्रिट्स याने धातूच्या पत्र्यावर सेलेनियमचा थर देऊन वर प्रकाश आरपार जाईल इतका पातळ सोन्याचा वर्ख चढविला आणि पहिला घन सौरघट सिद्ध केला. त्याने तो जर्मनीत वेर्नर सीमेन्सकडे पाठविला, आणि सीमेन्सने तो मोठ्या आस्थेने बर्लिनच्या विद्वत्सभेपुढे मांडला. फ्रिट्सच्या घटात प्रकाशाच्या शंभर भागांपैकी जेमतेम एक भाग विजेत उतरे. उरलेले नव्याण्णव कोठे गेले, हे फ्रिट्स सांगू शकला नाही, सीमेन्सही नाही. प्रकाश हा ठरावीक मापाच्या कणांनी, म्हणजे आपण आज ज्यांस फोटॉन म्हणतो त्यांनी, ऊर्जा पोचवितो हा विचार आइनस्टाइनने १९०५ मध्ये मांडला, तेव्हा कोठे हिशेबाची वही उघडली गेली, असे म्हणता येईल.

त्या वहीत पहिली मोठी जमेची नोंद झाली ती अमेरिकेत, न्यू जर्सी संस्थानातील बेल प्रयोगशाळेत. १९४० मध्ये रसेल ओल नावाचे संशोधक सिलिकॉनच्या एका तुकड्याची तपासणी करीत असता त्यावर दिव्याचा प्रकाश पडताच त्यातून अनपेक्षित वीज वाहू लागली. वितळलेले सिलिकॉन थिजताना त्यातील अशुद्ध द्रव्ये दोन बाजूंस निरनिराळी साचली होती, आणि त्यांच्या सीमेवर आपोआप एक विद्युत्-बांध तयार झाला होता. प्रकाशाने मोकळे झालेले इलेक्ट्रॉन त्या बांधामुळे एकाच दिशेने लोटले जात. आजच्या बहुतेक सर्व सौरघटांचे मूळ तत्त्व हेच आहे.

यापुढची हकीकत आपणां उष्ण प्रदेशांत राहणाऱ्यांना विशेष आपुलकीची वाटावी. १९५२ च्या सुमारास बेल कंपनीतील डॅरिल चेपिन यांच्यावर दमट उष्ण प्रदेशांतील दूरध्वनीसाठी विजेची सोय शोधण्याचे काम आले होते. तेथील हवेत कोरड्या बॅटऱ्या फार लवकर निकामी होत. चेपिन यांनी प्रथम बाजारातील सेलेनियमचे घट तपासले. त्यांची कार्यक्षमता अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघाली. त्याच संस्थेतील जेराल्ड पिअरसन यांनी मग त्यांस सिलिकॉनकडे वळविले, आणि रसायनज्ञ कॅल्व्हिन फुलर यांनी सिलिकॉनच्या पृष्ठभागात बोरॉनचा अत्यंत पातळ शिरकाव करून तो बांध पृष्ठभागाच्या अगदी जवळ आणला. बांध खोल असेल तर वर मोकळे झालेले इलेक्ट्रॉन तेथवर पोचण्यापूर्वीच वाटेत पुन्हा अडकतात. ही दुसऱ्या प्रकारची गळती या तिघांनी ओळखली व बुजविली. शिवाय सिलिकॉनचा घासलेला पृष्ठभाग आरशासारखा चमकतो आणि पडलेल्या प्रकाशाचा तिसरा हिस्सा परतवून लावतो. त्यावर पातळ लेप देऊन तीही गळती कमी करता येते, हे लक्षात आले. २५ एप्रिल १९५४ रोजी सुमारे सहा टक्के कार्यक्षमतेचा सौरघट जगापुढे ठेवण्यात आला. त्यावर एक खेळण्यातले चक्र फिरवून दाखविण्यात आले.

वृत्तपत्रांनी या घटनेचे भरभरून स्वागत केले. परंतु दोनच वर्षांनी चेपिन यांनी हिशेब मांडला तेव्हा एका वॅटमागे २८६ डॉलर खर्च येतो असे निघाले. इतक्या महाग विजेला पृथ्वीवर गिऱ्हाईक नव्हते. ते आकाशात मिळाले. १७ मार्च १९५८ रोजी अमेरिकेने सोडलेल्या व्हॅनगार्ड या छोट्या उपग्रहावर दोन प्रक्षेपक यंत्रे होती, एक बॅटरीवर चालणारे व दुसरे सौरघटांवर. बॅटरीचे यंत्र काही आठवड्यांतच मुके झाले. सौरघटांचे १९६४ पर्यंत बोलत राहिले. अंतराळात ढग नाहीत, धूळ नाही, आणि खर्चाची चौकशी करणारा हिशेबनीसही सहसा नसतो. त्यामुळे पुढची पंधरा-एक वर्षे सौरघट वाढला तो पृथ्वीपासून दूर, आणि पृथ्वीवरच्या गळतींचा विचार तूर्त लांबणीवर पडला.

तथापि याच काळात एका मूलभूत प्रश्नाचा निकाल लागला. कारागिरी कितीही सुधारली तरी सौरघटाची मजल कोठवर जाऊ शकते? १९६१ मध्ये विल्यम शॉकली आणि हान्स क्वाइसर या दोघांनी याचे उत्तर गणिताने दिले. प्रत्येक अर्धसंवाहक द्रव्याला एक ऊर्जेचा उंबरठा असतो. त्याहून कमी ऊर्जेचा फोटॉन आला तर तो उंबरठा ओलांडू शकत नाही, आणि व्यर्थ जातो. जास्त ऊर्जेचा आला तर एक इलेक्ट्रॉन मोकळा करतो, पण त्याची वरकड ऊर्जा उष्णता होऊन नष्ट होते. म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा बराचसा प्रकाश दुबळा म्हणून फुकट, आणि निळा अतिसबळ म्हणून निम्मा फुकट! सिलिकॉनच्या बाबतीत पहिल्या कारणाने सुमारे पंचमांश आणि दुसऱ्या कारणाने जवळजवळ तृतीयांश सूर्यप्रकाश हातचा जातो. हे सर्व जमेस धरून एका उंबरठ्याच्या घटाला सुमारे तीस टक्क्यांची मर्यादा आहे, असे त्या दोघांनी दाखविले. पृथ्वीवर पोचणाऱ्या प्रकाशाचा अधिक सूक्ष्म हिशेब करून आज ती सुमारे ३३.७ टक्के मानतात. ही गळती निसर्गनियमाची आहे. तिच्यासाठी कोणत्याही ठेकेदारास जबाबदार धरता येत नाही.

१९७३ मध्ये खनिज तेलाचे भाव भडकले आणि सौरघटाला पुन्हा जमिनीवर बोलावणे आले. येथेच आमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. १९७५ पासून कॅलिफोर्नियातील जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेने अमेरिकी सरकारसाठी सौरफलकांची टप्प्याटप्प्याने खरेदी व परीक्षा आरंभिली. निरनिराळ्या कारखान्यांचे फलक एकमेकांशी ताडून पाहायचे तर सर्वांना एकच माप हवे. ते माप कालांतराने जगभर ठरून गेले, ते असे : प्रकाश चौरस मीटरमागे १००० वॅट, घटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस, आणि प्रकाशाचा वर्णपट वातावरणाच्या दीडपट जाडीतून आल्यासारखा. कारखान्यात फलकावर क्षणार्धाचा प्रखर झोत टाकतात, आणि तो तापण्यापूर्वीच माप घेऊन पाठीमागच्या पट्टीवर आकडा छापतात. दहा किलोवॅट म्हणजे या परिस्थितीतले दहा किलोवॅट. ही परिस्थिती प्रयोगशाळेची आहे. राजस्थानच्या गच्चीवर ऊन प्रखर असते तेव्हा घट २५ अंशांवर क्वचितच सापडेल.

आता उष्णतेचा हिशेब पाहू. उन्हात ठेवलेला फलक भोवतालच्या हवेपेक्षा वीस ते तीस अंशांनी अधिक तापतो, कारण जो प्रकाश वीज होत नाही तो बहुतेक उष्णताच होतो. सिलिकॉन तापले म्हणजे त्याचा उंबरठा किंचित खाली येतो, विद्युत्-दाब उतरतो, आणि दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४५ टक्के शक्ती कमी होते. मे महिन्यात हवा ४२ अंश आणि घट ६७ अंश असेल, तर तो मापाच्या तापमानाहून ४२ अंश वर गेला. दर अंशी ०.४ टक्के धरले तरी सतरा टक्क्यांच्या आसपास तूट आली. फेब्रुवारीत तीच तूट याच्या निम्म्यावर असते. उन्हाळ्यात सौरफलक थकतो तो उन्हाने नव्हे, उष्णतेने. म्हणूनच लडाखसारख्या थंड, निरभ्र आणि विरळ हवेच्या प्रदेशात फलक अतिशय तरतरीत काम करतात. फलकाच्या मागे वारा खेळता ठेवण्याचे महत्त्व यावरून ध्यानी येईल. गच्चीला अगदी चिकटवून बसविलेला फलक आपल्याच तापात होरपळत असतो.

मात्र उष्णतेच्याही आधी पाहावयाची गोष्ट ही की त्या जागी ऊन मुळात किती पडते. हिंदुस्थानात याची पद्धतशीर मोजणी ज्यांच्या परिश्रमाने उभी राहिली, त्या अण्णा मणी यांचे नाव येथे आदराने घेतले पाहिजे. १९१८ मध्ये त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे त्यांचा जन्म झाला. बंगळूरला चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या हाताखाली संशोधन करून व इंग्लंडात हवामान-उपकरणांचा अभ्यास करून त्या १९४८ मध्ये पुणे येथील हवामान खात्यात रुजू झाल्या. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्षाच्या निमित्ताने त्यांनी देशात सूर्यविकिरण मोजणाऱ्या केंद्रांची मालिका उभारली, आणि त्यासाठी लागणारी उपकरणे येथेच घडविण्याचा आग्रह धरला. त्या मापनांच्या आधारावर १९८० च्या आगेमागे त्यांनी सिद्ध केलेले भारतीय सूर्यविकिरणाचे ग्रंथ या क्षेत्रातील पायाभूत साधन ठरले. आमच्यासारख्या, घर सोडून दूर नोकरीस गेलेल्या वाचकांना एक गोष्ट विशेष वाटेल : केरळाकडच्या या विदुषीने आपल्या कर्तृत्वाचा मोठा काळ पुण्यासारख्या परक्या गावी वेचला, आणि तेथे बसून साऱ्या देशाच्या उन्हाची मोजदाद केली. या देशात बहुतेक ठिकाणी चौरस मीटरमागे रोज सरासरी चार ते सात युनिट सूर्यऊर्जा पडते, असे आज सरकारी कागदपत्रांत आपण सहज लिहितो. त्या एका ओळीमागे अशा माणसांची वर्षे आहेत.

ऊन जागेवर पडले तरी ते फलकावर सरळ पडले पाहिजे. सामान्यतः फलक दक्षिणाभिमुख ठेवून त्या गावाच्या अक्षांशाइतका उतार देतात. दिल्लीस तो सुमारे २८ अंश, पुण्यास १८ आणि तिरुवनंतपुरास अवघा ८ किंवा ९. एकाच कंपनीचा, एकाच दिवशी बनलेला फलक जैसलमेर, शिलाँग आणि कोची येथे नेला तर तीन ठिकाणी तीन प्रकारचे काम करील. बदलीवर गेलेल्या कर्मचाऱ्याची योग्यता तीच असली तरी त्याचे काम ठिकाणाप्रमाणे कमी-अधिक उठून दिसते, तसेच हे आहे.

सावलीची गोष्ट मात्र निराळी व काहीशी आश्चर्यकारक आहे. फलकावर दहावा हिस्सा सावली पडली तर दहावा हिस्सा वीज कमी होईल असे कोणासही वाटेल. तसे घडत नाही. फलकातील साठ-बहात्तर घट एकामागे एक जोडलेले असतात, आणि सर्वांतून एकच प्रवाह जातो. धरणाच्या कामावर मातीच्या पाट्या हातोहात पुढे देणाऱ्या माणसांची रांग आपण पाहिली असेल. त्यातला एक जण हळू झाला की साऱ्या रांगेचा वेग त्याच्याइतका होतो. सावलीतला एक घट साऱ्या मालिकेला असाच अडवितो. एवढेच नव्हे, तर इतरांची वीज त्याच्यात जिरून तो भाजून निघतो, आणि कधीकधी काचेवर करपल्याचा डाग उमटतो. यावर उपाय म्हणून फलकामागील पेटीत बहुधा तीन डायोड बसवितात. ते अडलेल्या भागाला वळसा घालून वीज पुढे नेतात. अर्थात् तेवढ्या भागाची वीज गमवावी लागतेच. पाण्याच्या टाकीची, शेजारच्या पिंपळाच्या फांदीची किंवा दूरदर्शनच्या जुन्या खांबाची सावली क्षुल्लक मानू नये, ती यासाठी.

आता धुळीकडे वळू. हा विषय आपल्या देशात सर्वांत महत्त्वाचा असून त्याचा इतिहासही मोठा मासलेवाईक आहे. १९४२ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रशाळेतील हॉटेल आणि वर्ट्‌झ यांनी बॉस्टन परिसरात पाणी तापविणाऱ्या सौर-पेट्यांच्या काचेवर बसणाऱ्या मळाचा अभ्यास केला. उतरत्या काचेवर तीन महिन्यांत सरासरी तूट एखाद्या टक्क्याची, आणि जास्तीत जास्त पाच टक्क्यांच्या आत, असे त्यांस आढळले. वारंवार पाऊस पडणाऱ्या गावी हे खरेच होते. परंतु धूळ ही किरकोळ बाब आहे अशी समजूत त्यातून पुष्कळ वर्षे टिकून राहिली. १९७४ मध्ये रुडकी येथील एच. पी. गर्ग यांनी आपल्याकडील हवेत तोच प्रश्न तपासला, आणि काच जितकी आडवी तितका मळ अधिक साचतो व प्रकाश अडतो, हे दाखविले. मग २०१७ मध्ये गांधीनगरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील व अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी मिळून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. काही आठवडे न धुतलेले फलक स्वच्छ करताच त्यांची कार्यक्षमता सुमारे निम्म्याने वाढत असे. त्या मळात वजनाने बहुतांश मातीचीच धूळ होती. पण थोडासाच असलेला धुराचा व मानवनिर्मित प्रदूषणाचा अंश काचेला घट्ट चिकटून, वजनाच्या मानाने फार अधिक प्रकाश अडवितो, असे त्यांनी दाखविले. बॉस्टनचा आकडा घेऊन गुजरातेत अंदाजपत्रक करणाऱ्याचे काय होईल, हे यावरून स्पष्ट व्हावे.

धुळीवर उपाय पाणी; आणि जेथे ऊन सर्वाधिक तेथेच पाणी सर्वांत कमी. राजस्थानातील भडला येथे वाळवंटात २२४५ मेगावॅटचे अवाढव्य सौर-उद्यान उभे आहे. अशा ठिकाणी फलक धुण्यास लागणारे पाणी गावाच्या पिण्याच्या पाण्याशी स्पर्धा करू लागते. म्हणून मोठ्या प्रकल्पांतून आता पाण्याविना झाडणारी यंत्रे रात्री फलकांवरून फिरतात. लहान कचेरीच्या गच्चीवर अशी यंत्रे नसतात. तेथे पहाटे, काच थंड असताना, मऊ फडक्याने व थोड्या पाण्याने पुसणे हाच मार्ग. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी ओतणे धोक्याचे, आणि पुसण्याचा खर्च अंदाजपत्रकात न दाखविणे हे त्याहून धोक्याचे.

शेवटची गळती काळाची. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील कॅरिझो पठारावर १९८० च्या दशकात उभारलेल्या मोठ्या सौरकेंद्रात फलकांच्या दोन्ही अंगांस आरसे लावून त्यांवर अधिक प्रकाश पाडला होता. वाढत्या उन्हाने व उष्णतेने घटांना जखडून ठेवणारे पारदर्शक प्लॅस्टिक पिवळे, मग तपकिरी पडले, वीज झपाट्याने घटली, आणि पुढच्या दशकात ते केंद्र मोडून टाकावे लागले. अधिक प्रकाश म्हणजे अधिक वीज, हा भाबडा हिशेब तेथे महागात पडला. फलकांच्या टिकाऊपणाची परीक्षा आंतरराष्ट्रीय मानकात बसविली गेली ती १९९३ मध्ये. परंतु तापविणे, गारठविणे, दमटपणा आणि गारांचा मारा या परीक्षा प्रयोगशाळेतल्या झाल्या. आपल्या देशातील अनुभव गोळा करण्याचे काम मुंबईस पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या सौरविद्युत् केंद्राने व गुरुग्रामजवळील राष्ट्रीय सौरऊर्जा संस्थेने २०१३ पासून वेळोवेळी देशभर पाहणी करून केले. त्या पाहण्यांतून दोन गोष्टी पुढे आल्या. उष्ण प्रदेशांतील फलक थंड प्रदेशांतील फलकांपेक्षा लवकर झिजतात; आणि जमिनीवरील मोठ्या प्रकल्पांपेक्षा छपरांवरील लहान बसवणुकींची प्रकृती अधिक वाईट असते. दुसरी गोष्ट आम्हांस अधिक अस्वस्थ करणारी वाटते. मोठ्या प्रकल्पावर अभियंता असतो, मापयंत्रे असतात, करारपत्र असते. छपरावरच्या लहान गिऱ्हाइकाजवळ यांपैकी काहीच नसते. त्याच्याजवळ असतो तो फलकाच्या पाठीवर छापलेला एक आकडा.

इकडे घटाची शक्ती वाढतच आहे. ऑस्ट्रेलियात मार्टिन ग्रीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये सिलिकॉनचा वीस टक्क्यांचा घट सिद्ध केला. एके काळी विक्रम म्हणून गाजलेला तो आकडा आज बाजारातील साधे फलकही ओलांडतात. सिलिकॉनवर निराळ्या उंबरठ्याचा पेरोव्स्काइट द्रव्याचा थर देऊन, एकाने सोडलेला प्रकाश दुसऱ्याने झेलावा, अशा जोडघटाने २०२३ मध्ये ३३.९ टक्के गाठले. म्हणजे शॉकली-क्वाइसर यांनी एका उंबरठ्यासाठी आखलेली रेषा दोन उंबरठ्यांनी ओलांडली. आपल्या देशात साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी संस्थेने १९७७ मध्ये पहिला सौरघट व पुढच्या वर्षी पहिला फलक तयार केला होता. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले, आणि ३१ जानेवारी २०२५ रोजी देशाच्या सौरविजेच्या स्थापित क्षमतेने शंभर गिगावॅटचा टप्पा ओलांडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक कोटी घरांच्या छपरांवर फलक बसविण्याची योजना जाहीर झाली. तिचे कागद आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या टेबलावरून जात असतील.

या सर्व आकड्यांत एक शब्द नीट वाचावा, तो म्हणजे ‘स्थापित’. एक किलोवॅटचा फलक दिवसभरात साधारण चार युनिट वीज देतो. चोवीस तास पूर्ण शक्तीने चालला असता तर चोवीस दिली असती. स्थापित आकडा हा कारखान्यातील क्षणभराच्या झोताचा आकडा आहे. मिळालेली वीज ही उन, उष्णता, उतार, सावली, धूळ, वय आणि तारा-यंत्रांतील तूट यांतून शिल्लक राहिलेली बाकी आहे. तज्ज्ञ या दोहोंची तुलना एका गुणोत्तराने करतात : फलकावर प्रत्यक्ष पडलेल्या उन्हाच्या मानाने अपेक्षित असलेली वीज किती, आणि मिळाली किती. हे गुणोत्तर पाऊण ते पंच्याऐंशी शतांश असले तर बसवणूक निरोगी समजावी. हे माप वापरले तर प्रामाणिक मालावर खोटा आळ येत नाही, आणि खोट्या मालाला उन्हाळ्याची सबब सांगता येत नाही. यातली दुसरी बाजूही आम्ही अन्यत्र पाहिली आहे. तेथे फलक खरोखरच सदोष होते, आणि ‘गर्मी फार आहे, साहेब’ एवढ्या एका वाक्यावर त्याचे बिल मंजूर झाले होते.

आमच्या त्या कचेरीतील फाइलीचा शेवट सांगून हा लेख पुरा करू. जून महिन्यात एका नव्याने आलेल्या कनिष्ठ अभियंत्याने गच्चीवर जाऊन प्रथम फलक पुसून घेतले. त्या दुपारी आकडा सातावर गेला. मग त्याने फलकाच्या पाठीचे तापमान मोजले, कागदावर वजाबाकी मांडली, आणि उरलेली तूट बहुतांशी उष्णतेची व थोडी कोनाची आहे असे दोन परिच्छेदांत लिहून दिले. त्या फलकांत खरोखरच दोष नव्हता. ठेकेदाराचे पैसे सुटले; पण तोवर त्याने दुसऱ्या एका कामासाठी काढलेल्या कर्जावर अनेक महिन्यांचे व्याज भरले होते. ते व्याज कोणत्याही खात्यात दाखविलेले नाही. सौरफलकाच्या तुटीचे जे अनेक प्रकार आम्ही वर सांगितले, त्यांत अज्ञानाने होणाऱ्या या तुटीचीही एक ओळ असावी असे आम्हांस वाटते. इतर तुटी भरून काढण्यास दीडशे वर्षांचे संशोधन लागले. ही भरून काढण्यास एक ओले फडके, एक तापमापक आणि सही करण्यापूर्वीची दहा मिनिटे पुरेशी होती.